पाठीला माती लागली तर?

बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वर्षाकाठी चार-पाच तरी कुस्तीत कान मोडलेली मुलं येतात. खानापूर, हुक्केरी, निपाणी, कागवाडकडची. वय 23 ते 28. बहुतेकांना आईने पाठवलेलं असतं, कारण पोरगं रात्री जागतं, खुराक टाकून देतं, तालमीकडे फिरकत नाही. प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट एकाच काळजीत होतो. इतकी वर्षं कुस्ती केली, आता ती सोडून दुसरं काही केलं तर केलेलं सगळं फुकट गेलं म्हणायचं का?

अलीकडे या काळजीला नवा फाटा फुटलाय. टीव्हीवर दिसणाऱ्या व्यावसायिक कुस्तीत जाऊ का, असं मुलं विचारतात. विचारताना मान खाली असते. अशा एका पैलवानाबद्दल त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तो खानापूर तालुक्यातला. बाप पैलवान, आजा पैलवान. सातव्या वर्षी तालमीच्या मातीत, हौद्यात उतरला, बाराव्या वर्षी मॅटवर. घरात मराठी, स्वप्नं कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची आणि राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं ते कर्नाटकाकडून. अंगाने 92 किलोचा. आता ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलचे गट सहाच: 57, 65, 74, 86, 97 आणि 125. तो बरोबर दोन गटांच्या फटीत सापडला. 97 ला समोरचा अंगावर येऊन दाबायचा, 86 साठी दरवेळी सहा किलो घाम गाळून उतरवायचे. दोनदा पदकाच्या अगदी जवळून परत आला, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. नोकरीची वयोमर्यादा तेवढ्यात निघून गेली. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने पंजाबातल्या एका व्यावसायिक कुस्तीच्या शाळेत गेला आणि दोन महिन्यांत परत आला.

"का आलास?"

"खोटं आहे की हो ते सगळं. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. आमच्यासारख्यानं काय तिथं..."

मी त्याला माहिती दिली. दारा सिंग आखाड्यातूनच वर आले आणि 1968 मध्ये मुंबईत लू थेझला हरवून व्यावसायिक कुस्तीचे जगज्जेते म्हणवले गेले. कर्ट अँगलने 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकचं फ्रीस्टाइलमधलं 100 किलोचं सुवर्ण जिंकलं आणि दोनच वर्षांत व्यावसायिक कुस्तीचा करार केला. ही माणसं काही कुस्तीचा अपमान करायला तिकडे गेली नव्हती. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुढच्या आठवड्यात जसाच्या तसा परत आला. आतून हललेल्या माणसाला बाहेरची माहिती पुरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी ती द्यावी लागते, कारण त्यानंतरच तो खरं बोलायला मोकळा होतो.

चौथ्या भेटीत मी खरं-खोटं हा वाद बाजूला ठेवला आणि साधं विचारलं, "तिथं रोज सकाळी उठून करायचात काय?"

"पडायला शिकवायचे."

"म्हणजे?"

"पाठीवर पडायचं, मॅडम. हनुवटी छातीला चिकटवायची, दोन्ही हात पसरून तळवे जोरात आपटायचे, श्वास सोडायचा आणि पाठीचा वरचा भाग एकदम सपाट टेकवायचा. कंबर आधी टेकली तर मणक्याला लागतं, डोकं मागं गेलं तर मान जाते."

"मग जमलं?"

तो गप्प झाला. बराच वेळ. माझ्या खोलीत खिडकीजवळ एक गादी असते. तिच्याकडे बघत म्हणाला, "बाकीच्या पोरांना तीन दिवसांत आलं. कबड्डीवाला होता, जिमवाला होता, सगळ्यांना आलं. मला पंधरा दिवसांत नाही आलं. मी पडायचो आणि शेवटच्या क्षणी अंग आपोआप वळायचं. एक तर पाठ न टेकता अंगाचा पूल व्हायचा, नाही तर पोटावर यायचो. ते हसायचे. म्हणायचे, पैलवानाला पडता येत नाही."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने पाणी पुढे करण्याचीही घाई करू नये, असं माझं पक्कं मत आहे. घोटभर पाण्याबरोबर येणारं वाक्य परत घशाखाली जातं.

मग ते वाक्य आलं. "सात वर्षांचा होतो. बाबांनी पहिल्यांदा हौद्यात उतरवलं, कपाळाला माती लावली आणि म्हणाले, एवढं ध्यानात ठेव, पाठीला माती लागली तर घरी यायचं नाही."

बाप ते हौसेने बोलला असेल. काठावर बसलेले हसलेही असतील. पण सात वर्षांच्या मुलाच्या आत ते गेलं आणि अठरा वर्षं तिथेच राहिलं. पाठ लागली म्हणजे हार, हार म्हणजे घर बंद. पंजाबातल्या त्या रिंगणात रोज शंभर वेळा त्याला पाठीवर पडायला सांगत होते, म्हणजे त्याच्या लेखी रोज शंभर वेळा घरातून बाहेर काढत होते. ‘खोटी कुस्ती’ हे त्याने स्वतःला दिलेलं सोयीचं कारण होतं. खरं कारण त्याच्या पाठीत होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे. घडलेल्या गोष्टीइतकंच, किंबहुना तिच्याहून जास्त, तिच्याबद्दल मनात ठाण मांडून बसलेलं वाक्य माणसाला छळतं, असं मी मानते. अशा वाक्यात बहुतेक वेळा एक ‘च’ लपलेला असतो. पैलवानाची पाठ लागताच कामा नये. माझं काम तो ‘च’ शोधायचं, आणि इतक्या वर्षांनी मला तो बऱ्यापैकी लवकर ऐकू येतो. पण सापडलेला ‘च’ समुपदेशकाने उपटून काढायचा नसतो. ज्या मातीत तो रुजला, त्याच मातीत त्याचं उत्तर शोधावं लागतं.

म्हणून मी विचारलं, "तुझ्या वस्तादांनी तुला ढाक हा डाव कसा शिकवला?"

त्याचे डोळे चमकले. "आधी माझ्यावर मारून दाखवला. मग म्हणाले, आता मार माझ्यावर. बगलेत हात कुठं घालायचा, कंबर कुठं लावायची, सगळं ते स्वतःच सांगायचे आणि जायचे वरून."

"आणि पडायचे कुठे?"

"मातीत की. पाठीवर."

"किती वेळा?"

"हजारदा असतील, मॅडम. त्या वेळी पन्नाशीचे होते."

"त्यांच्या पाठीला हजारदा माती लागली. हरले का ते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. चाळीस मिनिटं आम्ही वस्तादांबद्दलच बोललो. ते पडताना त्याची मान कशी सांभाळायचे, नवख्या पोराच्या हातून चुकीचा डाव बसू नये म्हणून स्वतःचं वजन कसं सोडायचे. निघताना दारात थांबून म्हणाला, "म्हणजे तिथंही तेच की. समोरच्याला वर उचलायचं आणि जपून खाली ठेवायचं." हे वाक्य त्याचं आहे. मी दिलं असतं तर ते आठवडाभरही टिकलं नसतं.

पुढच्या खेपेला वडील आले. धोतर, टोपी, मांडीवर तळहात. म्हणाले, "बाई, नुरा कुस्ती करणाऱ्याला आमच्यात कोण विचारत नाही." त्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून तिथेच थांबले. नुरा कुस्तीचा राग का येतो? मैदानावरच्या माणसाला कुस्ती खरी आहे असं सांगून आत तडजोड केलेली असते म्हणून. व्यावसायिक कुस्तीत बघणाऱ्याला ते आधीच माहीत असतं. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने तर 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकलं की ही करमणूक आहे. वडिलांनी मला दोनदा विचारलं, "लोकांना ठाऊक असतं?" ठाऊक असतं म्हटल्यावर टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्या सात वर्षांच्या पोराला काय सांगितलं होतं ते त्यांना आठवतही नव्हतं. आई-बापांनो, तुम्हाला न आठवणारी वाक्यं मुलं जन्मभर पाठ करतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आता ज्यांच्या घरात असा मुलगा आहे त्यांच्यासाठी थोडं. खेळ सुटला की त्याचं दुःख करायला त्याला वेळ द्या. घरातलं माणूस गेल्यावर दिवस पाळतो, पण पंधरा वर्षांची मेहनत संपल्यावर दुसऱ्याच दिवशी ‘आता काय करणार’ विचारतो. मेहनत थांबली की खुराकही हळूहळू कमी करायला हवा. तसंच दूध-तूप-बदाम चालू राहिलं तर अंग सुटतं, आणि सुटलेल्या अंगाची लाज मनाला आणखी खचवते.

व्यावसायिक कुस्तीत जायचंच असेल तर आधी शब्द नीट समजून घ्या. 2015 मध्ये सुरू झालेली प्रो रेसलिंग लीग ही नावाने व्यावसायिक असली तरी मॅटवरची खरी लढत होती. टीव्हीवरच्या रिंगणातली कुस्ती वेगळी. तिथे ताकद लागते, त्याहून जास्त गर्दीशी डोळ्यांनी बोलता यावं लागतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये 125 किलोत सुवर्ण मिळवलेला गेबल स्टीव्हसन 2021 मध्ये मोठ्या करारावर तिकडे गेला. 2024 मध्ये कंपनीने त्याला मोकळं केलं आणि तो पुन्हा महाविद्यालयीन कुस्तीत उतरला. सुवर्णपदकानेही तिथली खात्री मिळत नाही. करार वकिलाकडून वाचून घ्या. दुखापतीचा खर्च कोण करणार हे त्यात शब्दांत आहे का बघा, कारण अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीतही पैलवान पगारी नोकर नसतात, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून धरले जातात. मानेची तपासणी आधी करून घ्या. आणि पदवी राहिली असेल तर ती पूर्ण करा, मग जा.

तो पैलवान सहा महिने गावच्या तालमीत पोरांना शिकवत होता. बी.ए.चे राहिलेले दोन विषय सुटले. मग पुन्हा पंजाबला जायचं त्यानेच ठरवलं. बेळगाव स्टेशनवर वडील पोचवायला आले होते, हातात तुपाचा डबा. त्याने मला नंतर फोनवर सांगितलं, गाडी हलली तेव्हा वडील खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि ओरडून म्हणाले, "पडताना हनुवटी छातीला लाव रे. मान सांभाळ."