काळा, स्लेट की बर्मीज?

प्रश्न : लेस्टरला आमच्या मुलीने दोन जर्बिल (उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी) घेतले. दुकानदार दोघांनाही काळे म्हणाला. पण एक करडा, दुसरा तपकिरी भासतो. नेमके रंग कसे ओळखायचे?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नका, त्यात करडाही तपकिरी दिसतो. दिवसा खिडकीशी, पांढऱ्या कागदावर बघा.

करड्याचे आधी डोळे तपासा. बाजूने मंद टॉर्च धरल्यावर ते माणकासारखे लाल चमकले तर तो लायलॅक. काळेच राहिले आणि अंग कोळशासारखे गडद करडे असेल तर स्लेट. अंधाऱ्या खोलीत लायलॅकचे डोळेही काळेच वाटतात, फसगत होते ती तिथेच.

तपकिरीचे नाक, कान, पंजे आणि शेपूट अंगापेक्षा गडद आहेत का? असतील तर तो बर्मीज. त्याचे रंगद्रव्य गारव्यात जास्त तयार होते, म्हणून शरीराचे थंड भाग काळपट होतात. असा फरक नसेल, फक्त पाठीवर तांबूस झाक असेल, तर तो काळाच. केस झडण्याआधी जुना काळा कोट असा विटतो. मग नवे केस येईपर्यंत थांबा. हनुवटीखालच्या पांढऱ्या पट्ट्यावर जाऊ नका, तो काळ्यातही सर्रास असतो.

पिल्लू असेल तर साधारण दोन महिन्यांचे होऊन पहिले केस बदलेपर्यंत रंगाचे नाव देऊच नये. आणि पाहताना शेपटीला धरू नका, कातडी सोलून निघते.