यादीत नाव आलं, आता पुढे काय?

जुन्या वास्तू आणि वस्त्यांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न

प्रश्न: आमचं घर शहराच्या वारसा यादीत आलं आहे. आता खिळा ठोकायलाही परवानगी लागेल, असं शेजारी सांगतात. खरं आहे का?

उत्तर: नाही. बहुतेक शहरांचे नियम देखभाल आणि बदल यांत फरक करतात. कुजलेली फळी काढून त्याच लाकडाची, त्याच जाडीची फळी बसवली किंवा पन्हळ साफ केली, तर ती देखभाल. तिला परवानगी लागत नाही, किंवा लागलीच तर शहराच्या वारसा समितीपुढे न जाता कार्यालयातच मिळते. लाकडी खिडकी काढून ॲल्युमिनियमची बसवली, तर तो बदल. समितीचं लक्ष मुख्यतः रस्त्यावरून दिसणाऱ्या भागावर असतं. काही महत्त्वाच्या वास्तूंत मात्र जिने आणि छताचं नक्षीकामही संरक्षित असतं. म्हणून आपल्या वास्तूच्या नोंदीची प्रत आधी मागून घ्या.

अर्ज परत येतो तो बहुधा मोघमपणामुळे. ‘जुन्यासारखी खिडकी’ एवढं लिहून भागत नाही. तावदानं किती, मधल्या पट्टीची जाडी किती, चौकट भिंतीच्या पृष्ठापासून किती आत आहे, हे मिलिमीटरमध्ये द्या. चौकट मूळ जागेपासून थोडी जरी बाहेर आली, तरी खिडकीवरची सावली जाते आणि दर्शनी भाग सपाट दिसू लागतो.

प्रश्न: अनुदानाचा अर्ज दिला, पण छप्पर गळत होतं म्हणून काम सुरू केलं. आता अनुदान नाकारलं आहे. हा अन्याय नाही का?

उत्तर: तुमची अडचण खरी आहे, पण नियमामागे कारण आहे. जुनं काय होतं हे न पाहता नवं योग्य आहे की नाही, हे तपासणाऱ्याला ठरवता येत नाही. म्हणून लेखी मंजुरीपूर्वीच्या कामाला बहुतेक योजना पैसे देत नाहीत. गळती असेल तर ताडपत्री टाका, टेकू लावा, फोटो काढा आणि त्याच दिवशी कार्यालयाला लेखी कळवा. तात्पुरत्या बचावाला सहसा हरकत नसते. कायमचं काम मात्र थांबवा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या फार उशिरा लक्षात येते. पुष्कळ अनुदानं खर्चाची परतफेड करणारी असतात आणि मालकालाही स्वतःचा वाटा घालावा लागतो. आधी पैसे तुम्ही भरायचे, पावत्या आणि पाहणीनंतर ते मिळायचे. शिवाय जुनं बांधकाम उघडल्यावर काय निघेल याचा नेम नसतो, म्हणून अंदाजपत्रकात दहा-पंधरा टक्के जादा रक्कम धराच.

प्रश्न: विटांच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटनं भरायला समिती नकार देते. सिमेंट तर चुन्यापेक्षा पक्कं!

उत्तर: तो पक्केपणाच इथे घात करतो. जुनी वीट मऊ असते. भिंतीतली ओल चुन्याच्या दरजेतून बाहेर पडते. दरज सिमेंटनं बंद केली की ओल विटेतून वाट काढते, सोबतचे क्षार विटेच्या पृष्ठाखाली साठतात आणि पोपडे सुटतात. काही वर्षांत सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि वीट आत झिजलेली दिसते. वीट गेली की ती परत आणता येत नाही. दरज मात्र पुन्हा भरता येते.

दरजेतला जुना माल छिन्नीनं हातानं काढा. कापयंत्रानं विटांच्या कडा जातात. रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल जा, म्हणजे 10 मिमीच्या दरजेला 20 ते 25 मिमी. साधारण एक भाग चुना आणि तीन भाग धारदार, लहानमोठ्या कणांची धुतलेली वाळू घ्या, पण आधी जुना माल तपासून घ्या. भिंत भिजवून थराथरानं भरा आणि काही दिवस ओलं फडकं टांगून ठेवा. कडक उन्हात झटपट सुकलेला चुना भुसभुशीत होतो. सुकल्यावर रंग उजळतो, म्हणून नमुन्याचा तुकडा पूर्ण वाळल्यावरच समितीला दाखवा.

प्रश्न: वर मजले चढवता येत नाहीत, त्याची भरपाई काय?

उत्तर: काही शहरांत न वापरलेले बांधकामाचे हक्क, म्हणजे त्या जागेवर नियमानं बांधता आले असते पण बांधले नाहीत ते मजले, दुसऱ्या जागेसाठी विकता येतात. न्यूयॉर्कमध्ये 1963 साली पेन स्टेशन हे जुनं रेल्वे स्थानक पाडायला सुरुवात झाली आणि 1965 मध्ये तिथे वास्तुरक्षणाचा कायदा आला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधायला शहरानं नकार दिला. ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1978 मध्ये निकाल शहराच्या बाजूनं लागला. हक्क जवळच्या जागांवर नेण्याची मुभा होती, हेही न्यायालयानं विचारात घेतलं.

मात्र इतरत्र जादा मजले सहज मिळत असतील, तर हे हक्क कोणी विकत घेत नाही. विक्रीतला ठरावीक हिस्सा त्याच वास्तूच्या दुरुस्तीवर खर्च करण्याची अटही हवी. ती नसेल तर हक्क विकले जातात आणि छप्पर गळतच राहतं.

प्रश्न: एकेक घर नव्हे, आमची अख्खी गल्ली वाचवायची आहे.

उत्तर: अमेरिकेत चार्ल्सटन शहरानं 1931 मध्येच असं, म्हणजे अख्खा भाग एकत्र जपणारं, वारसा क्षेत्र ठरवलं, इंग्लंडमध्ये 1967 च्या कायद्यानं अशी क्षेत्रं सुरू झाली. सुरुवात घरागणिक पाहणीनं करा: फोटो, बांधणीचा काळ, झालेले बदल, आणि घर गल्लीच्या मूळ रूपात भर घालतं की नाही. सीमा रस्त्याच्या मधोमध आखू नका. तशी आखली तर एक बाजू सुरक्षित राहते आणि समोरची पाडली जाते. दोन्ही बाजूंच्या घरांच्या मागच्या हद्दीवरून रेषा न्या.