मुलांच्या हातचं, मोठ्यांसाठी : तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की घरातल्या मोठ्यांच्या वाढदिवसाला, सणाला मुलांनी दुकानातून काही आणण्यापेक्षा स्वतःच्या हाताने काहीतरी करून द्यावं. त्यावर भरपूर मेसेज आले, ठाणे आणि नवी मुंबईतून तर जास्तच, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की करायचंय हो, पण नक्की काय आणि कसं ते सांगा. सगळे घेता येत नाहीयेत, पाच घेतलेत.

ताई, माझ्या सासऱ्यांची पुढच्या महिन्यात पंचाहत्तरी आहे. मुलगी सात वर्षांची, तिला आजोबांसाठी स्वतः लाडू करायचेत. त्यांना डायबेटीस आहे म्हणून खजूर आणि ड्रायफ्रूटचे शुगरफ्री लाडू करायचं ठरवलंय. चालेल ना? – एक आई, ऐरोली

खजुराचे लाडू शुगरफ्री नसतात हो. वरून साखर घातलेली नसते एवढंच, बाकी खजुराच्या वजनात साधारण दोन तृतीयांश साखरच असते, आणि त्यात आपण "हे चालतात तुम्हाला" म्हणून पुढे ठेवले की आजोबा एकाच्या जागी तीन खाणार, कारण नातीने केलेत, नाही कसं म्हणायचं.

त्यापेक्षा तिला मोड आलेल्या मुगाची भेळ करू दे. ही मला फार आवडते कारण यात खरं काम पोरच करतं आणि तयारी दोन दिवस आधीपासून सुरू होते. शाळेतून आली की वाटीभर हिरवे मूग निवडून धुवायचे आणि भिजत घालायचे, रात्री पाणी काढून ओल्या सुती फडक्यात गच्च बांधून ठेवायचे, आपल्याकडच्या हवेत सकाळपर्यंत मोड डोकावायला लागतात आणि संध्याकाळी गाठोडं सोडलं की छान लांब मोड दिसतात. तिचा तो चेहरा बघा फक्त. मग मूग पाच-सात मिनिटं वाफवायचे ते तुम्ही करा, आणि ते टाळू नका, कच्च्या मोडांतून पोटाचं इन्फेक्शन होऊ शकतं आणि त्या वयात ते झेपत नाही. गार झाल्यावर काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, डाळिंबाचे चार दाणे, दाण्याचं कूट आणि लिंबू, सगळं तिने घालायचं, तिनेच कालवायचं. आजोबांना बीपी पण असेल तर मीठ बेतानेच. कुरमुरे मात्र नकोत, त्यांनीही शुगर पटकन चढते.

आणि भेटच द्यायची तर पंचाहत्तरीला ७५ दिव्यांनी ओवाळायची पद्धत आपल्याकडे आहेच की, ते कणकेचे दिवे तिला करू दे! कणीक हळद घालून एकदम घट्ट मळून द्या, सैल झाली तर दिवे बसतात आणि तूप बाहेर येतं. सुपारीएवढी गोळी, मध्ये अंगठा दाबायचा, कड बोटांनी उभी करायची, झाला दिवा. दीप अमावास्येला वाफवतो तसे वाफवून घेतले की आकार टिकतो. ७५ म्हणजे सात वर्षांच्या मुलीला खूपच होतात, म्हणून चुलत-आते भावंडांना बोलवा, एक दुपार मस्त जाईल. वाती लावणं आणि पेटवणं अर्थातच मोठ्यांकडे.

ताई, मी सहावीत आहे. आईबाबा दोघं ऑफिसला जातात आणि लोकलने यायला त्यांना खूप उशीर होतो. शुक्रवारी त्यांची अॅनिव्हर्सरी आहे, मला सरप्राइज खायला करायचंय पण गॅस लावायची परमिशन नाहीये. घरी मी आणि आजी असतो. – एक मुलगा, कळवा

अरे वा, शाब्बास. गॅस लावायचा नाही हे ठरलंय ना, मग नाहीच लावायचा. तू दडपे पोहे कर.

दोन वाट्या पातळ पोहे घे, जाडे नकोत, ते असे मऊ होत नाहीत. चाळणीत चाळून घे म्हणजे भुसा जाईल. एक कांदा आजीला बारीक चिरून दे म्हण, काकडी तू किस, आणि काकडी शेवटी शेवटी राहते ना तेव्हा किसणीवर बोटं येतात, म्हणून तो तुकडा किसायचा नाही, खाऊन टाकायचा. पाऊण वाटी ओलं खोबरं, एक लिंबू, मीठ, चमचाभर साखर, कोथिंबीर. आता हे सगळं आधी एका मोठ्या पातेल्यात एकत्र करून हाताने चांगलं चुरायचं, काकडी-कांद्याला पाणी सुटलं की मगच त्यात पोहे घालायचे आणि हलक्या हाताने खालीवर करायचे. कोरडे वाटले तर नारळाचं पाणी शिंपड, नळाचं नको, चवच जाते. मग पोहे दाबून वर ताटली झाक आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. फोडणी आजी करून देत असतील तर उत्तमच, मोहरी, हिंग, मिरची, शेंगदाणे. त्यांना जमणार नसेल तर लोणच्याचा खार एक चमचा घाल, काय चव येते बघ. खाताना वर पोह्याचा पापड चुरायचा, तो आजी आदल्या दिवशी तळून डब्यात भरून ठेवतील.

वेळ मात्र सांभाळ. पोहे चारला करून ठेवशील आणि ते नऊला येतील तर उपयोग नाही, ओलं खोबरं आपल्या दमट हवेत बाहेर लवकर आंबतं. चिरून-किसून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव आणि आईचा "स्टेशनला उतरले" असा मेसेज आला की कालवायला घे. त्या हातपाय धुऊन येईपर्यंत पोहे तयार. कोकम सरबत पण कर, त्याला काहीच लागत नाही.

नातवाने स्वतः रंगवलेला चहाचा मग दिलाय. बाहेरून आणि काठावर अॅक्रेलिक रंगाची फुलं आहेत. रोज यातूनच चहा प्या म्हणतो. पिऊ का? – एक आजोबा, नेरुळ

नको काका. डबीवर नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असलं तरी हे रंग खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी नसतात, आणि काठाला ओठ लागतात, गरम चहा लागतो, घासणी लागते, रंग सुटतोच. पण मग कपाटात ठेवून देऊ नका! चष्मा, पेन, गोळ्यांची स्ट्रिप ठेवायला उशाशी घ्या, म्हणजे रोज वापरात राहील. आणि नातवाला कारण नीट सांगा, पुढच्या वेळी काठापासून दोन बोटं जागा सोडायची आणि आतून अजिबात रंगवायचं नाही, एवढं त्याला सहज कळतं.

मुलगा पाच वर्षांचा. फादर्स डेचं कार्ड करायला बसलो, ग्लिटर घरभर, शेवटी कार्ड मीच पूर्ण केलं. दर वेळी असंच होतं. – एक आई, सानपाडा

ग्लिटर आणूच नका, तो प्लॅस्टिकचा चुरा असतो आणि महिनाभर कोपऱ्यातून निघत राहतो. मुख्य गोष्ट म्हणजे काम त्याच्या हाताला झेपेल एवढंच निवडा. पाच वर्षांच्या मुलाला कात्रीने हार्ट नाही कापता येत, पण बोटाचे ठसे उमटवता येतात, फेविकॉल लावून मसूर, मूग, तांदूळ चिकटवता येतात (नाकात घालत नाहीये ना यावर लक्ष ठेवा). सामान मांडून द्या, खाली जुनी चादर पसरा आणि मग हात लावू नका, अगदी खरंच लावू नका. बाबाला तीन पाय झाले तर होऊ देत. बाबांना ते तीन पायच जास्त आवडणार आहेत, मी लिहून देते, तुम्ही नीट केलेल्या कार्डात तुमचं अक्षर दिसतं आणि तो कुठेच नसतो.

आमच्या विंगमधल्या मुलांना दिवाळीत वॉचमन आणि हाउसकीपिंगच्या मावशींसाठी काहीतरी करायचंय. बजेट अगदी कमी. – एक ताई, घोडबंदर रोड

किती छान मुलं आहेत तुमची. बहुतेक सोसायट्यांत या लोकांना उरलेली मिठाई मिळते, म्हणून मुद्दाम नवं आणि वापरात येणारं काहीतरी द्या. भेंडीच्या ठशांची कापडी पिशवी करा, डबा आणायला-न्यायला उपयोगी पडते. कोरी सुती पिशवी घ्या किंवा कोणाकडे शिवणयंत्र असेल तर नवं मांजरपाट आणून शिवा. भेंडी जून आणि जाड बघून घ्या, कोवळी दाबली की चेपते. आडवी कापायची, कापलेला भाग कागदावर टिपून घ्यायचा नाहीतर चिकटपणामुळे ठसा फिसकटतो, मग ओल्या स्पंजवर फॅब्रिक कलर पसरून त्यावर टेकवायची आणि कापडावर सरळ दाबून सरळच उचलायची. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. एक दिवस वाळू द्या आणि उलट्या बाजूने इस्त्री फिरवा, म्हणजे धुतल्यावर रंग टिकतो.

मोठ्या मुलांना वारली चित्रं काढलेल्या पणत्या जमतील. जांभळी नाक्याला साध्या मातीच्या पणत्या मिळतात, त्या गेरूने रंगवून वाळल्या की बारीक ब्रशने पांढऱ्या रंगात गोल, त्रिकोण, रेषा. वारली लोक तांदळाच्या पिठाने काढतात, पण पणतीवर ते हात लागून पुसलं जातं, म्हणून पांढरा अॅक्रेलिक घ्या आणि चित्र बाहेरच्या बाजूलाच ठेवा, वातीजवळ नको. मुलांना हेही सांगा की ही कला आपल्याच भागातली आहे, येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबं राहतात आणि डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली होती.

सोबत खाऊ ठेवणार असाल तर वर्तमानपत्रात बांधू नका, शाई खाण्याला लागते, बटर पेपर किंवा छोटा स्टीलचा डबा बरा. आणि पिशव्या मोजताना रात्रपाळीचे वॉचमन धरा, ते मुलांना कधी दिसत नाहीत म्हणून हमखास राहतात, आणि कचरा घेऊन जाणारे दादा पण.