आणा गेला, चार आणे राहिले

आजोबांच्या डब्यातल्या नाण्यावर ‘नया पैसा’ लिहिलंय, हा नवा तर जुना कुठला, असं तुम्ही विचारलंय.

जुना पैसा म्हणजे आण्याचा चौथा हिस्सा. रुपयाचे १६ आणे, म्हणजे ६४ पैसे; आणि एका पैशाच्या पोटात परत ३ पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० पैसे झाले. जुनी नाणीही बाजारात फिरतच होती, तेव्हा गल्लत नको म्हणून हा ‘नया’. नाण्यावर बारीक अक्षरांत ‘रुपये का सौवां भाग’ दिसेल, हिशेब नाण्यावरच छापून दिला होता. १ जून १९६४ पासून ‘नया’ गळला.

खरी गंमत आण्याची. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आता सव्वाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ धरत. आण्याची वस्तू चारदा सुटी घेतली तर २४ पैसे, चारही एकदम घेतल्या तर २५! चार, आठ, बारा आण्यांचा मात्र हिशेब चोख: २५, ५०, ७५. माझ्या मते म्हणूनच ‘चार आणे’, ‘आठ आणे’ आपल्या तोंडात राहिले आणि ‘तीन आणे’, ‘पाच आणे’ विरून गेले. दोन आण्यांची चवली तर आता फक्त ‘चवली-पावली’त उरलीय. पावलीच्या किमतीचं २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ पर्यंत तग धरून होतं. आठ आणे कायद्याने आजही चालतात, दुकानदार घेत नाही ही गोष्ट वेगळी.

डब्यात भोकाचा पैसा असेल तर तो १९४३ ते ४७ मधला. महायुद्धात तांबं वाचवायला मधलं काढून टाकलं होतं. आमच्याकडे तसा एक धाकट्या काकाच्या करदोट्यात ओवलेला होता, त्यामुळे त्यावरची अक्षरं पार झिजलीत. हलकं, सहा कोनांचं ३ पैशांचं ॲल्युमिनियमचं नाणं मिळालं तर ते १९६४ पासूनचं.

काहीही मिळो, चिंच लावून घासू नका, संग्राहक तोंड फिरवतो. आणि ‘लाख रुपये देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये असल्या मंडळींपासून सावध केलं होतं.

तुमच्या नाण्यावर सालाखाली बारीक हिरा आहे का बघा. असला तर ते मुंबईच्या टांकसाळीतलं.