कुत्रं वाचलं ना, मग झालं!

प्रश्न: ताई, मी तसा सिरियस पिक्चर बघणारा माणूस, निदान मित्रांना तरी तसंच सांगून ठेवलंय. पण रात्री सगळे झोपले की हेडफोन घालून '2012' लावतो, सात-आठ वेळा तरी झाला असेल. शहरंच्या शहरं समुद्रात जातात आणि मला भारी वाटतं, मग लाज वाटते. एवढी माणसं मरताना मजा येते म्हणजे माझ्यात काही बिघाड आहे का?

उत्तर: असेल तर माझ्यातही आहे, मी तर '2012'वाल्याच दिग्दर्शकाचा 1996चा 'इंडिपेंडन्स डे' किती वेळा बघितलाय ते मोजणंच सोडलंय. त्यातलं व्हाइट हाउस म्हणजे छोटं मॉडेल होतं, ते खरंच उडवलं आणि कॅमेरा जास्त स्पीडने चालवून शूट केलं, म्हणून तो स्फोट पडद्यावर एवढा संथ आणि अवाढव्य दिसतो. लहानपणी पत्त्यांचा बंगला पाडताना यायची ना, तीच मजा आहे ही, फक्त बंगला कोट्यवधी डॉलरचा.

सायन्सचं सोडाच. '2012'मध्ये सूर्याकडून आलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण पृथ्वीचा गाभा तापवतात, आणि इथे आपल्या नखातून दर सेकंदाला हजारो कोटी न्यूट्रिनो आरपार जातात तरी नख कोमटसुद्धा होत नाही :)

पण माणसं मरताना मजा येते हे काही मला पटत नाही, कारण ती मरताना आपल्याला नीट दाखवतच नाहीत. 'इंडिपेंडन्स डे'मधला बोगदा आठवा, आगीचा लोट येतोय, गाड्या उडतायत, त्या प्रत्येक गाडीत कोणीतरी असणार, आणि आपला जीव कशात अडकलेला? तर कुत्रं उडी मारून बोगद्याच्या बाजूच्या खोलीत पोचतंय का नाही यात! पोचलं की आपण हुश्श करतो, बाकीच्यांची साधी आठवणही येत नाही. ही दिग्दर्शकाची हातचलाखी आहे, तुमची विकृती नाही. तरी लाज वाटते म्हणताय ना, ती वाटू द्या थोडी, म्हणजे तुम्हाला त्या गाड्या दिसल्या होत्या.

पुढच्या वेळी '2012'मधल्या लिमोझिनच्या पळापळीत नजर गाडीवर न ठेवता आजूबाजूला ठेवून बघा, तोच सीन वेगळा वाटतो.

आणि ते हेडफोन काढा हो! 1974 साली 'अर्थक्वेक' या पिक्चरसाठी थिएटरमध्ये खास दणदणीत स्पीकर बसवले होते, भूकंप अंगाला जाणवावा म्हणून. घरातले उठले तर उठू देत, शेजारी येऊन बसतील बघा.