घरी सगळं येतंय, पण चारचौघांत…

"घरी सगळं येतंय मॅडम, पण चार माणसं समोर आली की हातच चालंनात."

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्यांचं वाक्य थोड्याफार फरकाने हेच असतं, माणसं वेगळी असतात. तोंडी परीक्षेत गप्प होणारी मुलगी, मीटिंगमध्ये स्वतःचेच आकडे विसरणारा सुपरवायझर, हळदीकुंकवाला गा म्हटलं की घसा बसल्याचं सांगणाऱ्या काकू. अलीकडे गिटार वाजवणारी मुलं फार येतात. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर बघून शिकलेली, आता पंचविशीच्या आसपासची, खोलीचं दार लावून तासन्‌तास वाजवणारी. कुणी "बँडमध्ये ये" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "अजून थोडी तयारी होऊ दे."

त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये तपासणीचं काम करतो. डिप्लोमा झालेला, शांत, कमालीचा नीटनेटका. माझ्याकडे आला तो झोप लागत नाही म्हणून. गिटारचा विषय बऱ्याच उशिरा, चपला घालता घालता निघाला. शाळेपासूनच्या मित्रांचा बँड आहे, उद्यमनगरातल्या एका रिकाम्या गाळ्यात दर रविवारी सराव चालतो. त्यांचा ऱ्हिदम गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्यांनी याला बोलावलं. याने आधी शिफ्टचं कारण सांगितलं, मग तार तुटल्याचं, मग घरी पाहुणे आल्याचं. रविवार जवळ आला की झोप उडायची.

"मग जाणार कधी?" मी विचारलं.

"पूर्ण तयार झालो की."

"तयार झालास हे तुला कळणार कसं?"

बराच वेळ विचार करून म्हणाला, "एक पण चूक न होता वाजलं की."

पुढच्या भेटीला मी त्याला गिटार घेऊन यायला सांगितलं. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो ते मी ऐकतेच, पण तो प्रत्यक्षात काय करतो हे एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. बऱ्याच गाठी तिथेच दिसतात.

त्याने ट्यूनर लावून सहाही तारा जुळवल्या, पुन्हा एकदा तपासल्या आणि सुरुवात केली. छान वाजवत होता. काही ओळींनंतर एफ कॉर्ड आला. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे काही सूर. तिथे पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबावं लागतं आणि शिकणाऱ्या बहुतेकांना तो छळतो. एक तार बसकी वाजली. त्याने लगेच तळवा तारांवर ठेवून आवाज बंद केला, "सॉरी मॅडम" म्हणाला आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा एफ आला, पुन्हा तळवा, पुन्हा सॉरी. तिसऱ्यांदा एफ नीट वाजला, तर पुढची ओळ चुकली. परत पहिल्यापासून.

"घरी पण असंच करतोस?"

"हो. चुकलं की पहिल्यापासून. नाहीतर चूक अंगवळणी पडते."

"मग गाण्याचा शेवट कधी वाजवतोस?"

तो हसला, काहीतरी बोलायला गेला आणि अडकला. बोटं गिटारच्या मानेवर तशीच राहिली. "शेवट…" म्हणाला. मग हळूच, "शेवट मी वाजवलाच नाही मॅडम फारसा. एक पण गाणं शेवटापर्यंत वाजवल्याचं आठवंना झालंय."

अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. समोरचा माणूस त्या शांततेत मोठं काम करत असतो. मी वहीत काही लिहिलंही नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी थांबायचीच प्रॅक्टिस केली की हो."

हे वाक्य मी त्याला सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा तेच केलं असतं. ते त्याचं त्याला सापडलं, म्हणून टिकलं. मला माझं काम आवडतं ते अशा क्षणांमुळे.

मग मी त्याच्या नोकरीकडे वळले. "दिवसभर काय करतोस कामावर?"

"जॉब, म्हणजे मशीनवर झालेले भाग, मोजतो मायक्रोमीटरनं. वीस मायक्रॉन इकडंतिकडं झालं की बाद, लाल पेटीत."

"आणि रात्री गिटार घेतल्यावर?"

त्याने गिटारकडे बघितलं. "लाल पेटीतच टाकतोय की सगळं."

प्रसंगापेक्षा प्रसंगाला लावलेलं माप माणसाला जास्त छळतं, या विचाराने मी काम करते. तपासणीच्या टेबलावर त्याचं माप योग्यच आहे. गाडीचा भाग चुकीचा गेला तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल. पण गाणं वाजता वाजताच पुढे सरकत असतं, त्यातला चुकलेला ठोका उचलून बाजूला काढता येत नाही. तेव्हा माप बदलायचं होतं. "चूक नको" याऐवजी "चुकलं तरी किती लवकर परत तालात आलो" हे मोजायचं, असं आम्ही ठरवलं.

हे माप त्याच्या घरात आधीपासून होतं. त्याचे वडील करवीर तालुक्यातल्या त्यांच्या गावी भजनी मंडळात पखवाज वाजवतात. "भजनात कुणाचा टाळ चुकला तर तुझे वडील काय करतात?" मी विचारलं. "काय करतील? वाजवत राहतात. चुकणारा पुढच्या समेला धरतोय की." बोलून झाल्यावर स्वतःच्याच उत्तराचं त्याला नवल वाटलं.

मग बँडच्या आधी तो एकादशीच्या भजनाला जाऊन बसला, आधी टाळ घेऊन, नंतर गिटार घेऊन. बुवांची पट्टी काळी दोन, म्हणजे गिटारवर डी शार्प. पहिल्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की डीच्याच आकारांत वाजवता येतं, आणि त्या साध्या चालींना एफ लागला नाही. हा हिशोब त्याचा, माझा नाही. वडील एवढंच म्हणाले, "पोरगं तालात हाय."

खोलीत जे येतं ते लोकांसमोर का बिघडतं, याचं एक चांगलं उत्तर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलं. इतरांच्या उपस्थितीत हातात पक्कं बसलेलं काम अधिक चांगलं होतं आणि कच्चं काम अधिक बिघडतं. म्हणून पहिल्या सरावाला आपलं सर्वांत अवघड गाणं घेऊन जाऊ नका. मित्रांना गाण्यांची यादी आणि पट्टी आधी विचारून घ्या, आणि त्यातलं जे तुम्हाला झोपेतही येईल तेच पहिलं वाजवा. अवघड कॉर्ड आला तर त्याचा सोपा आकार चालतो.

त्याच्या मित्रांनी सांगितलेली एक गोष्ट मी आता सगळ्या गिटारवाल्यांना सांगते: डावा हात चुकला तर चुकू दे, उजवा थांबवायचा नाही. कॉर्ड पकडता आला नाही तर बोटं सैल सोडून नुसता ठेका चालू ठेवायचा. दुसरी गोष्ट आवाजाची. खोलीत भरदार, गोड वाटणारा गिटारचा आवाज बास गिटार आणि ड्रमच्या खर्जात बुडून जातो, म्हणून अँपवरचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीवरचा, बास कमी करायचा आणि मिड (मधले सूर) थोडा वाढवायचा. अनेक मुलं ऐकू येत नाही म्हणून जोरात वाजवतात, हात आखडतो, आणि मग "मला बँडमध्ये जमत नाही" असं ठरवून टाकतात. तिथे दोष असतो बटणांचा. आणि डोळे स्वतःच्या बोटांवर न ठेवता ड्रमरवर ठेवा. लक्ष बाहेर गेलं की स्वतःकडे बघत बसायला सवड उरत नाही.

पहिल्या रविवारनंतर तो कागद घेऊन आला. झालेल्या अकरा चुका गाण्यानुसार लिहून आणल्या होत्या. तपासणीवालाच तो. मी त्याला ड्रमरला विचारायला सांगितलं. ड्रमरला एकच चूक आठवत होती, ती पण याने तोंड वाकडं केलं म्हणून. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. २००० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. निम्म्या लोकांना तो शर्ट दिसला असेल असं घालणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला. तो कागद त्याने फाडला नाही, घडी घालून गिटारच्या बॅगेत ठेवला. मला ते आवडलं.

एक मात्र गांभीर्याने सांगते. लोकांसमोर जायचं म्हटलं की उलट्या होणं, छाती धडधडून श्वास अडकणं, त्यापायी नोकरी किंवा कॉलेज टाळणं असं होत असेल तर ही साधी घबराट नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन विनामूल्य लागतो आणि मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांनी आज रात्री एकच गाणं घ्यावं. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करावं आणि मध्ये काहीही बिघडलं तरी ते बंद न करता शेवटच्या कॉर्डपर्यंत जावं. मग जसं झालंय तसं, ज्या मित्राने बोलावलं होतं त्याला पाठवावं आणि रविवारी किती वाजता येऊ ते विचारावं.