हिब्रू-ग्रीक येत नसताना बायबलच्या अभ्यासासाठी प्रथम कोणता संदर्भग्रंथ घ्यावा?

माझ्या मते भाष्यग्रंथांच्या आधी शब्दसूची, म्हणजे बायबलमधला प्रत्येक शब्द कुठे कुठे आला आहे ते सांगणारा ग्रंथ, घ्यावी. जेम्स स्ट्रॉंग यांच्या १८९० च्या सूचीत मूळ शब्दांना क्रमांक दिलेले असून ‘हेसेद’ या हिब्रू शब्दाचा क्रमांक २६१७ आहे. तो धरून शोधत गेल्यास, किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात कुठे ‘मर्सी’, तर कुठे ‘काइंडनेस’ असा आलेला शब्द मुळात एकच आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. १३६ व्या स्तोत्रात तर तो २६ ही ओव्यांत येतो! स्ट्रॉंग यांच्या सूचीतले शब्दार्थ मात्र त्रोटक आहेत. सविस्तर अर्थांसाठी ब्राउन, ड्रायव्हर व ब्रिग्ज यांचा हिब्रू-इंग्रजी कोश पाहावा. ज्यू परंपरेसाठी राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराचे भाष्य अवश्य वाचावे. नागपुरात सीताबर्डीवर स्ट्रॉंग यांच्या सूचीची जुनी प्रत मिळाल्यास, क्रमांकांची पाने शाबूत आहेत ना, हे आधी तपासून घ्यावे.